न वाचलेल्या पुस्तकाप्रमाणे नापास

दसऱ्याची सुट्टी संपवून बंगळूरच्या ऑफिसात पाऊल टाकलं आणि दुपारी टेबलावर आलेला पहिलाच कागद बघून माझं डोकं फिरलं. साठच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते…

मी तेव्हा एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात टायपिस्ट होते. आम्ही पंप बनवायचो. त्यात बसणाऱ्या रबरी रिंगा चिकपेटच्या मागच्या गल्लीतले रुद्राप्पा अण्णा करून द्यायचे. निपाणीचा माणूस, अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि कामात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

टेबलावर होतं ते त्यांच्या नापास मालाचं पत्र, टाइप करायला आलेलं. तिसरं! तीनदा नापास झालं की नाव यादीतून कायमचं जायचं, आणि अण्णांचं आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे अण्णांनी आपल्या कारखान्याला कुलूप लावून निपाणीची गाडी धरायची.

नापास का, तर रिंगा तेलात बुडवून ठेवल्यावर फुगल्या. आता किती वेळ बुडवायच्या, कुठल्या तेलात, किती फुगल्या तर चालतं… आमच्या नियमात काही म्हणजे काही नव्हतं. एकच ओळ होती, 'चाचणी अमुक नंबरच्या विलायती मानकाप्रमाणे'. दोन वर्षं ती ओळ मीच टाइप करत होते, पोपटासारखी.

अण्णा दर खेपेला विचारायचे. "अक्का, किती तास ते तरी सांगा की हो. स्वल्प बघून सांगा…" आमचे विभागप्रमुख गोखले साहेब म्हणायचे, त्या मानकाचं पुस्तक कपाटात कुलपात आहे, बाहेरच्यांना दाखवायचं नसतं. वा रे वा! ज्याने नियम पाळायचा, त्यालाच तो वाचायला मिळायचा नाही.

आता या खेपेची कथा ऐका. तपासनिसाने रिंगा तेलात टाकल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या, दारात कोहळा फुटला आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मग दसरा, मग रविवार… रिंगा आपल्या तेलातच!

मी तपासणीची वही काढून आधीच्या दोन खेपा पाहिल्या. एकदा चार दिवस, एकदा सहा. तपासनिसाला सवड होईल तेव्हा रिंगा बाहेर यायच्या, आणि फुगल्या म्हणून शिक्का बसायचा. याला परीक्षा म्हणायची?

आणि ते पुस्तक? पूजेसाठी कपाटं पुसायची म्हणून साहेबांनी किल्ली माझ्याचकडे दिली होती. एकेक पुस्तक मी हाताने पुसून, कुंकू लावून परत ठेवलं होतं. त्या नंबरचं पुस्तक त्यात नव्हतंच… तेव्हा वाटलं, कोणी वाचायला नेलं असेल.

तसंच ते पत्र उचललं आणि साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आधी पुस्तक दाखवा, मग टाइप करते. नोकरी जायची भीती होतीच हो. पण रागापुढे काही सुचेना.

साहेब आधी लालबुंद झाले. मग चष्मा काढून पुसत बसले… आणि हळूच म्हणाले, "तो नंबर मी जुन्या ड्रॉइंगवरून उतरवला होता." पुस्तक कधी मागवलेलंच नव्हतं! आख्ख्या कारखान्यात एकानेही न वाचलेल्या पुस्तकाप्रमाणे आम्ही एका माणसाच्या पोटावर पाय देत होतो.

खरं ते सांगते, पुढे साहेब चुकले नाहीत. पत्र फाडलं, पुस्तक मागवलं, अण्णांचं नाव यादीत ठेवलं. पुस्तक बोटीने यायला कित्येक महिने लागले. त्यात जेमतेम अर्ध्या पानात सगळं लिहिलेलं होतं… तेल कुठलं, किती गरम, आणि वेळ तीन दिवसांहून थोडा कमी. तशी चाचणी घेतली, अण्णांच्या रिंगा पहिल्या फटक्यात पास!

मग साहेबांनी नवा नियम टाइप करायला दिला. बाहेरच्या पुस्तकाचं नाव घालायचं तर सालासकट घालायचं, कारण पुस्तकंही बदलतात. ते आधी आपल्याकडे हवं, आणि माल करणाऱ्याला लागणारा मजकूर खाली सरळ लिहून त्याच्या हातात द्यायचा.

अण्णा कागद न्यायला आले तेव्हा मी तो मराठीत वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "एवढंच होतं होय, अक्का?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. साहेबांवर, तपासनिसावर, सगळ्यांवर तोंडसुख घेणारी मी… तिथे टाइपरायटरचं झाकण लावत बसले. ती ओळ दोन वर्षं माझ्याच बोटांतून उतरली होती, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता माझी नात एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत असलेच कागद लिहिते. 'अमुक मानकाप्रमाणे' दिसलं की मी विचारते, तू वाचलंस का गं ते? चिडते माझ्यावर. चिडू दे… अण्णांसारख्या माणसाकडून 'एवढंच होतं होय?' ऐकण्याची पाळी तिच्यावर यायला नको.