दारातल्या चपला

फिनाईलचा वास आला की मला त्या चपला आठवतात. आमच्या आरोग्य केंद्राची गुणवत्ता तपासायला दुसऱ्या दिवशी समिती येणार होती, म्हणून प्रसूतीची खोली धुऊन मी तिला कुलूप लावलं होतं. दुपारी चिंचणीची एक कोळीण कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन आली. ओली फरशी बघून तिने चपला दारातच काढल्या. "बाय, खोली उघडा ना, पोरीला सोसवत नाय," ती म्हणाली. मी त्यांना पालघरच्या रुग्णालयात पाठवलं. घाईत सासू अनवाणीच रिक्षात बसली. वाटेत उमरोळीपाशी रिक्षातच मूल झालं, ते रडलंच नाही. सकाळी समिती यायच्या आधी मी त्या चपला उचलून केंद्राच्या मागे टाकल्या. स्वच्छतेला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ते प्रमाणपत्र अजून माझ्या खुर्चीमागे आहे. मी वळून बघत नाही.