भाकरीच्या वाक्यातली मोकळी जागा

निजामाच्या राज्यात सरकारी मदरशात इंग्रजीसुद्धा उर्दूतून शिकवायचे. घरच्या मराठीचं आधी उर्दू करायचं, मग त्या उर्दूचं इंग्रजी. बारक्या पोरांच्या डोक्याचा पार भुगा व्हायचा! म्हणून जुन्या जालन्यात मारुतीच्या मंडपात मी सकाळी त्यांचा वेगळा वर्ग घ्यायचो. माझी रीत सोपी होती. एकेका पोराच्या पाटीवर एकेक इंग्रजी शब्द लिहायचा. पोरं ओळीत उभी राहिली की वाक्य तयार. ज्यानं त्यानं आपापला शब्द ओरडायचा, बस्स.

ज्याचा शब्द त्याचाच. ईट, म्हणजे खाणे, हा शब्द मी सात-आठ वर्षांच्या एका पोराला दिला होता, कारण स्वारी सदा न कदा काहीतरी चघळत असायची. भाकरीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, तेव्हा "आय ईट भाकर" असंच चालायचं. हसेनात का कुणी! विलायतेत भाकर थापत नाहीत, त्याला मी काय करू?

त्या पोराला मुदतीचा ताप आला. त्या काळी या तापात अन्न तोडायचे. हकिमानं आईला बजावलं, "घास दिलास तर पोर हातचं जाईल." पोर "भाकर दे" म्हणून रडायचं आणि ती तोंडात पदराचा बोळा कोंबून ओट्यावर बसायची. अखेर पोर गेलंच, तेही उपाशी.

वर्गात त्याची जागा पोरांनी मोकळी सोडली. "आय", मग सगळे चूप, मग "भाकर". तो शब्द दुसऱ्या कुणाला द्यावा तर एकेकाचा बाप देवळाशी हजर. "मास्तर, दुसरं काय बी शिकवा, पण मेलेल्याची पाटी आमच्या लेकराला न्हाई." माझं टाळकंच सरकलं. "अहो, शब्द आहे तो, ताप नव्हे!" पण ऐकतो कोण? खोटं कशाला बोलू, ती ओळ मलाही बघवत नव्हती.

सुतक फिटलं तशी त्याची आई पाटी घेऊन पायरीशी आली. "मास्तर, माझ्या लेकराचा शब्द कुणी तरी म्हणा हो. जाताना उपाशी ठिवलं म्या त्याला."

मी पोरांकडं पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना तरी काय बोलणार, घरी मार बसला असता.

"मंग म्याच म्हणते," असं म्हणून ती डोईवरचा पदर सावरत ओळीत येऊन उभी राहिली. आमच्या गल्लीत बाईमाणूस मास्तरासमोर असं उभं राहत नसे.

"आय," पहिलं पोर म्हणालं. बाईचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. शेजारचं पोर आपली पाटी धरून थांबून राहिलं. कुणी घाई केली नाही.

"ईट," ती म्हणाली.

"भाकर."

"आणखी एकदा," ती म्हणाली. पोरांनी म्हटलं. "आणखी." ऊन मंडपात आलं तरी तिचं समाधान होईना, आणि तिला थांबवायची माझी काही छाती होईना. रडू आवरत मी खांबाला टेकून उभा होतो.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून तिचा नवरा आला. ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं तिच्या हातातली पाटी हळूच काढून घेतली अन् म्हणाला, "चल घरी. जेवलं आता त्ये."