आधी काटा तपासा!

हसायचं नाही हं, आधीच सांगतो! संशय घेण्यात माझा हात धरणारा अख्ख्या एरंडोलात नव्हता. कापसाचा व्यापारी आला की मालाआधी मीच त्याच्या काट्यावर उभा राहायचो. माझं वजन मला पाठ. किलोभर कमी दाखवलं की गाठोडी उचलून घरी!

तर कॅसेटच्या जमान्यातली गोष्ट. माझे थोरले भाऊ, नाना, साखरेचे पेशंट. पायाचा अंगठा काळा पडला, जखम भरेना. गेलो जळगावला. डॉक्टरांनी रेडिओएवढी पेटी काढली, तिला वायरीनं जोडलेला पेन. नानांच्या पायाला चिकट मलम फासून पेन टेकवला. पेटीतून आवाज, सूंऽ सूंऽ!

"हे वाहतं रक्त," डॉक्टर म्हणाले. "याला अल्ट्रासाउंड म्हणतात. कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा."

ऐकू न येणारा आवाज, आणि तो ऐकवतात म्हणे!

पेन अंगठ्यावर नेला. पेटी गप्प.

"बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यात. आजच ॲडमिट व्हा, नाहीतर अंगठा कापावा लागेल."

माझी खात्रीच पटली, आत कॅसेट आहे! हवी तेव्हा वाजवायची, हवी तेव्हा बंद.

"नाना, उठा! हाई बठ्ठं नाटक शे!" सगळंच नाटक, दुसरं काय!

"आरे, आंगठा मना शे का तुना?" नाना कळवळून म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले. परका काटा समोर, आणि मी सोडतो काय? मलम फासलं, पेन माझ्याच अंगठ्यावर टेकवला. पेटी गप्प!

सापडला चोर! मी असा ओरडलो की व्हरांड्यातले पेशंट हसत गोळा झाले. "बघा रे! धडधाकट माणूस मी, रोज दोन बंडल बिडी ओढतो, आणि ही पेटी म्हणते माझ्या पायात रक्त नाही!"

डॉक्टर धावत आले. पेन आधी स्वतःच्या अंगठ्यावर टेकवला. सूंऽ सूंऽ! मग माझ्या. गप्प. पुन्हा त्यांच्या, पुन्हा माझ्या. लोक हसायचे थांबले.

"बंडलं किती म्हणालात?"

"दोन..."

"बोटाला मुंग्या येतात?"

"येतात, पण त्या चपलेमुळे!"

"सिस्टर, दोन खाटा लावा."

नानांनी निमूट औषधं घेतली, त्यांचा अंगठा वाचला. आणि मी दीडशहाणा! बिडीनं कुठे रक्त अडतं, म्हणून दवाखान्याच्या संडासात चोरून ओढत राहिलो.

अजूनही माल द्यायच्या आधी मी काट्यावर उभा राहतो. वजन कमी दिसलं, की व्यापारीच माझ्या पायाकडे बघून म्हणतो, "आबा, काटा बरोबर शे. तुमनंच एक बोट कमी शे!"