मोकळी पट्टी

मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. गावाकडचे लोक अर्ज, तक्रारी, करारनामे माझ्याकडून लिहून नेतात आणि मीही ऐटीत लिहून देते. त्यातल्या एका कागदाने काय केलं, ते सांगताना आजही जीभ जड होते.

लोहा तालुक्यात आमच्या भावकीची जमीन आहे. तिच्या शेवटाला ओढ्याकाठची लांबच लांब पट्टी, सातबारावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून नोंदलेली. बोरी, बाभळी, तरवड आणि कमरेइतकं गवत. एका टोकाला वनखात्याचा डोंगर, दुसऱ्या टोकाला लातूर जिल्ह्याकडे जाणारा माळ. आजूबाजूची शेतं तारांच्या कुंपणात गेल्यामुळे हरणं, कोल्हे, तरस यांना इकडून तिकडे जायला तेवढीच वाट उरली होती. हे मला तिथल्या वनरक्षकाने सांगितलं. त्याने मोबाइलवर एक फोटोही दाखवला. ओढ्याच्या दरडीतलं बीळ, तोंडाशी तरसाची मादी आणि तिच्या पायांत लुडबुडणारी दोन पिल्लं. ज्याला सगळे ओंगळ म्हणून हिणवतात ते जनावर आपल्या लेकराला चाटत होतं. मी हरखून गेले.

मग मी भावकीच्या मागेच लागले. तरस मेलेली ढोरं खातो, तुमचं काही बिघडवत नाही, हे सांगून सांगून घसा बसला. शेवटी सगळ्यांना वळवलं ते माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादाने. गावात त्याचा शब्द चालतो. आपली बाई काही वाईट सांगणार नाही, एवढंच तो म्हणाला आणि सह्या झाल्या. कागद अर्थातच मी लिहिला: 'वन्य प्राण्यांच्या वाटेसाठी ही पट्टी कायम मोकळी ठेवावी.' त्या वाक्यावर मी जाम खूश होते.

दसऱ्यानंतर सोयाबीन निघालं तसा दादाचा फोन आला. काम झालंय, बघायला ये, वनखात्याच्या साहेबालाही आण. आवाजात लग्नघराचा उत्साह. कसलं काम, हे मी विचारलंसुद्धा नाही. रविवारी सकाळी वनरक्षकाला घेऊन गेले.

ओढ्यापाशी पोचल्यावर वाटलं, आपण वाट चुकलो. झाडं नव्हती. गवत नव्हतं. डोंगरापासून माळापर्यंत नुसती सपाट, उघडी माती, आणि कडेला जळालेल्या बाभळींची राख. मधोमध दादा हसत उभा, खांद्यावर नवा टॉवेल. मेहुण्याचा जेसीबी आणून तो चार दिवस राबला होता.

"बघ, कशी मोकळी केली," तो म्हणाला. "एक काटा ठिवला न्हाई. आता हरणाच्या पायात काय बी मोडायचं न्हाई."

वनरक्षकाने दरडीतल्या बिळाचं विचारलं. तेही कालच बुजवलं, दादा कौतुकाने म्हणाला, एखाद्या जनावराचा पाय गेला असता आत.

वनरक्षक धावत सुटला. आम्ही टिकावाने उकरायला लागलो. बिळात काय होतं ते मी दादाला सांगितलं, तसा तो खाली बसला आणि नुसत्या हातांनी माती ओढू लागला. नखं फुटली तरी थांबेना. दोन्ही पिल्लं आतल्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेली सापडली. मेलेली. मादीचा पत्ता नव्हता. दादाने खांद्यावरचा टॉवेल काढून त्यात पिल्लं ठेवली.

मी त्याच्या अंगावर ओरडले. हे करायला कुणी सांगितलं होतं, असं नको तेवढ्या मोठ्याने विचारलं. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तूच लिव्हलंस की. मोकळी."

मी कागद हातात घेऊन तो शब्द पुन्हा वाचला. आमच्याकडे पीक निघालं की रान मोकळं झालं म्हणतात. धसकटं वेचून, काटे काढून, कुळव मारून ठेवलेलं रान म्हणजे मोकळं रान. मी याच गावात वाढले, लहानपणी याच मातीत धसकटं वेचली, आणि तरी पुस्तकातलं 'मोकळं' लिहून शहरात निघून गेले. दादाने कागदाबरहुकूम इमानाने काम केलं होतं. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

दुपारी भावकी जमली. आयतं साफ झालंच आहे तर हरभरा पेरून घेऊ, असा एकाने विषय काढला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. दादाने आवाज चढवला नाही. इथे कुणी पेरणार नाही, जे उगवेल ते उगवू द्यायचं, एवढं बोलून तो माझ्याशेजारी बांधावर येऊन बसला आणि नवा कागद काढायला लावला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले: या जागेला कुणी हात लावायचा नाही. झाड तोडायचं नाही, गवत कापायचं नाही, बीळ बुजवायचं नाही.

सगळ्यांसमोर त्याने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. प्रत्येकाला नाव घेऊन विचारलं, समजलं का. सगळे हो म्हणाले, सह्या झाल्या. मग मातीने भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आन् तुला समजलं का, बाई?"