नातीच्या नाचाला साथ

गारखेड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका आयुष्यभर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवत आले. पुढे मुलीकडे आयर्लंडला जाऊन राहू लागले, तेव्हा नातीच्या नाचाच्या क्लासात बसून तिथल्या धुना शिकले आणि साठी उलटल्यावर तिथल्या नाचाच्या स्पर्धांत वाजवू लागले. हिवाळ्यात इकडे आले की रोज सकाळी गच्चीवर सराव करत. नुसतं बोलतानाही त्यांचा पाय ठेका धरून असे.

यंदा मात्र त्यांचा सराव बंद होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "स्पर्धेत नात नाचत व्हती, मी वाजवत व्हतो. मधीच तिचा पाय चुकला. तिनं माझ्याकडं बघितलं, पण मी लय सोडली नाय. तवापासून बोलत नाय माझ्याशी."

"काका, जरा सावकाश वाजवलं असतं तर सावरली असती की ती."

"व्हय, सावरली असती. पण तिच्या शेजारी माझ्याच तालावर स्पर्धेतली दुसरी पोरगी नाचत व्हती ना. तिचा पाय बरोबर पडत व्हता."

एवढं बोलून त्यांनी अकॉर्डियन गळ्यात अडकवला. पण बराच वेळ भाता काही उघडला नाही.