मोर, कमळ आणि उलट

सोलापुरात चादरींच्या कारखान्यात मी डिझाइन खात्यात होते, तेव्हा आम्ही एक भाषा बनवली. आम्ही म्हणजे मी आणि पुठ्ठ्यांना भोकं पाडणारे अण्णा. जकार्ड मागावर पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि एका पुठ्ठ्यावरच्या भोकांप्रमाणे नक्षीची एक ओळ विणली जाते. नवं डिझाइन आलं की अण्णा अख्खी माळ नव्याने पाडायचे. मोर तोच, फक्त काठ वेगळा, तरी सगळं पुन्हा. त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता.

"बाई, ह्या मोराला मी झोपेतबी भोकं पाडतो," ते म्हणाले. "बायको उठवती."

मी कामाला लागले. नक्षीचे तुकडे केले: काठ, मोर, कमळ. प्रत्येकाचा गठ्ठा वेगळ्या खुंटीवर. कोणताही तुकडा कशालाही जोडता यावा म्हणून सगळ्यांची टोकं सारखी. मग शब्द ठरवले. 'दोनदा' म्हणजे तोच तुकडा पुन्हा. 'उलट' म्हणजे विणकराने माळ मागे फिरवायची, की चादरीचा दुसरा अर्धा भाग फुकटात. 'काठ, मोर, कमळ, उलट' एवढं लिहिलं की काम झालं. मालक खूश, अण्णांचा खांदा त्याहून खूश.

मग करमाळ्याचे एक मंगल कार्यालयवाले आले. पाहुणे चादरी पळवतात, म्हणून त्यांना दोन्ही टोकांना कार्यालयाचं नाव हवं होतं. 'नाव' हा नवा तुकडा काठाला जोडला, बाकी वाक्य तसंच ठेवलं.

नमुना कारखान्याच्या सात रस्ता चौकातल्या दुकानात उलगडला. एका टोकाला नाव झकास. दुसऱ्या टोकाला तेच नाव, पाण्यात दिसावं तसं.

गिऱ्हाइकाने चादरीभोवती फेरी मारली. "हितनं वाचलं तर आमी. तितनं कोण हाय?"

"चोर," अण्णा हळूच म्हणाले.

मालकांनी ते ऐकलं. "बाई, तुमची भाषा गुंडाळा. उद्यापासून अख्खी माळ पाडायची, पहिल्यासारखी."

अण्णांचा हात खांद्याकडे गेला.

मोर उलटा झाला तरी मोरच राहतो, नावाचं तसं नाही. 'उलट'ला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी एका नमुन्याची मुदत मागितली. नावाच्या गठ्ठ्याला लाल दोरा बांधला आणि नियम केला: दोरा दिसला की तेवढा तुकडा सरळ विणायचा, मग पुन्हा उलट. बाकी कशालाही हात लावला नाही. अण्णांना एक भोकही पाडावं लागलं नाही.

गिऱ्हाइकाने नव्या नमुन्याची दोन्ही टोकं वाचली. "आता कुटनंबी धरा, आमचीच की." ऑर्डर पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी मालक खात्यात आले, तेव्हा अण्णा मांडी घालून पान लावत होते.

"पुढच्या ऑर्डरचं काय झालं?"

"झाली की."

"आणि मोर?"

अण्णांनी मोराच्या रिकाम्या खुंटीकडे मान वळवली. "ते सकाळीच कामावर गेले."