साठ घरांचं सुतक

रत्नागिरीहून येणारी एसटी कातळवाडीच्या फाट्यावर थांबते, तिथे एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे सगुणा साळवी गेली सोळा वर्षं बसते आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचे प्रवेश, गॅसचं कनेक्शन, काय म्हणाल ते. एमएससीआयटीचं सर्टिफिकेट तिने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळवलं, ते देव्हाऱ्याशेजारी लावलंय. फॉर्म पाठवायचं बटण दाबण्याआधी ती एकदा डोळे मिटते. समोरच्याला वाटतं, नेट गेलं.

विचारल्याशिवाय चौकटीत टिक करायची नाही, हा तिचा नियम. 'मला वरील सर्व अटी मान्य आहेत' ही चौकट आली की ती हात थांबवते आणि अटी मोठ्याने वाचायला लागते. मागे रांग असली तरी.

"काकू, करा हो टिक," लोक कावतात.

"टिक म्हणजे शब्द दिला," सगुणा म्हणते. "उद्या विचारायला आले तर उत्तर तुम्ही देणार का मी?"

अशा बाईच्या हातून अख्ख्या गावाला सुतक लागलं, ते यंदाच्या शिमग्यात.

शिमग्यात ग्रामदेव केदारलिंगाची पालखी घरोघर जाते. वाडीत घरं बासष्ट. त्यातली निम्मीशिम्मी माणसं मुंबईला. कोण येणार, कोण नाही, हे पालखी दारात उभी राहीपर्यंत कळत नाही. कुलपापुढे ढोल वाजवून माघारी फिरायची वेळ दरवर्षी येते. त्या घोळात दिवस कलतो आणि शेवटचं घर राहून जातं.

ते शेवटचं घर गोदूबाईचं. एकशे बारा दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून गेलं की वर कातळावर एकटंच उभं असलेलं. गोदूबाई चौऱ्याऐंशी वर्षांची, गुडघे कामातून गेलेले. दोन वर्षं झाली, पालखी पाखाडीच्या पायथ्याशीच थांबते. खांदेकरी दमलेले असतात. तिथूनच वर तोंड करून नारळ फोडतात आणि देव घरी जातो.

सगुणा आठवड्यातून एकदा गोदूबाईच्या गोळ्या घेऊन वर जाते. शिमग्याला महिना असताना ती गेली, तेव्हा म्हातारी ओटीवर पाय पसरून बसली होती.

"मला उतरवत नाय, देवाला चढवत नाय," गोदूबाई म्हणाली. "दोघं बरोबरीनं म्हातारी झालो गो." आणि दात नसलेलं हसली.

ते हसू सगुणाला उतरताना पायरीपायरीला टोचत राहिलं. शेवटच्या पायरीवर तिने देवळाच्या दिशेने हात जोडले आणि मनात सांगून टाकलं, यंदा तू वर जायचंस, बाकी मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात देवळात बैठक बसली. मुख्य मानकरी धोंडूकाका. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते म्हणाले, "सगुणा, बाय, सरकारचे एवढे फॉर्म भरतेस, एक देवाचा कर. कोण घरी हाय, कोण नाय, आधीच कळूदे. म्हणजे पालखीचा वेळ वाचेल."

सगुणाने मोबाइलवर फॉर्म बनवायचं अ‍ॅप उघडलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की फॉर्म भरणं आणि फॉर्म मांडणं यात पंगतीला बसणं आणि पंगत वाढणं एवढा फरक आहे. प्रत्येक प्रश्नाला अ‍ॅप विचारायचं, उत्तराला गोल हवा का चौकोन? गोल ठेवला तर माणसाला एकच उत्तर निवडता येतं, चौकोन ठेवला तर हवी तितकी. ही सूचना तिथे लिहिलेली होती आणि सगुणाने ती वाचलीही. पण गोलात नुसता काळा ठिपका पडतो, चौकोनात कशी छान बरोबरची खूण उमटते. देवाला शब्द द्यायचा तो ठिपक्याने कसा द्यायचा? तिने सगळीकडे चौकोन टाकले.

पहिला प्रश्न, पालखीच्या दिवशी काय? खाली तीन चौकटी. 'आम्ही घरी आहोत.' 'घर बंद आहे.' 'घरात सुतक आहे, पालखी नको.' दुसऱ्या प्रश्नाला एकच चौकट. 'गोदूबाईंच्या पाखाडीला पालखीला खांदा देऊ.' ही तिने सगळ्यात मन लावून टाकली.

आणि फॉर्म उघडाबोडका दिसू नये म्हणून वर लिहिलं, 'बा देवा केदारलिंगा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत, त्यांचं म्हणणं मान्य करून घे म्हाराजा.' डोळे मिटले आणि वाडीच्या ग्रुपवर पाठवून दिला.

गोदूबाईकडे मोबाइल नाही. तिचा फॉर्म सगुणाने वर जाऊन भरला.

"आजी, त्या दिवशी घरी असाल ना?"

"नाय गो. राजापूरला गंगा आलीय म्हणतात, धावत जाऊन येतंय."

सगुणाने 'आम्ही घरी आहोत'वर टिक केली.

दोन दिवसांत बासष्टच्या बासष्ट फॉर्म आले. सगुणाला भरून आलं. तिने यादी छापली आणि न बघताच धोंडूकाकांच्या हातात दिली. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"सगुणा, गावात मेलं कोण?"

"कोणी नाही, काका."

"मग साठ घरांना सुतक कसलं?"

सगुणाने कागद ओढून घेतला. गोदूबाईचं आणि तिचं स्वतःचं, ही दोन घरं सोडली तर साठही घरांनी प्रत्येक चौकटीत टिक केली होती. साठ कुटुंबं घरी होती, त्यांची घरं बंद होती आणि त्यांना सुतक होतं.

"म्हणजे मेलेलीच माणसं कुलूप लावून आत बसलीत," धोंडूकाका म्हणाले.

सगुणाने तिथूनच मुंबईला विनीतला फोन लावला. विनीत ग्रुपचा अ‍ॅडमिन, बोरिवलीला बँकेत आहे, चारचौघांत शहाणा म्हणतात.

"विनीत, तुझ्याकडे कोण वारलं रे?"

"काय बोलतेस काकू? सगळे ठणठणीत आहेत."

"मग सुतकावर टिक का केलीस?"

पलीकडे विनीत फॉर्म शोधायला लागला. "सुतक कुठे होतं?" मग तो म्हणाला, "अगं, वर तू गाऱ्हाणं लिहिलंस. गाऱ्हाण्याला आपण काय करतो? काका एकेक ओळ बोलतात आणि आपण हात जोडून व्हय म्हाराजा म्हणतो. मधली ओळ कोण ऐकतो? खाली चार चौकटी दिसल्या. चार वेळा व्हय म्हाराजा केलं."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी पण तेच केलं असेल. देवाच्या नावाखालची चौकट रिकामी ठेवायची छाती आहे का कोणाची?"

तसं बघितलं तर सगुणालाही ते पटलं.

तिने दुसरा फॉर्म मांडला. पहिल्या प्रश्नाचे चौकोन काढून गोल टाकले, म्हणजे एकाच उत्तरावर ठिपका पडणार. उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, असं ठरवायचं एक बटण होतं, ते चालू केलं. खांद्याची चौकट तेवढी चौकोनीच ठेवली. वर गाऱ्हाणं लिहिलं नाही. लिहिलं, 'नीट वाचून भरा. सगुणा साळवी.'

या खेपेला उत्तरं स्वच्छ आली. चव्वेचाळीस घरी, अठरा बंद, सुतक कोणालाच नाही. पण खांद्याच्या चौकटीत टिक किती, तर पाच. पाचातले दोघे सत्तरीच्या पुढचे आणि एक धोंडूकाका.

"चढणीला आठ जणांच्या तीन पाळ्या लागतात," काका म्हणाले. "पाच माणसांत देव वर कसा जायचा? पायथ्याशीच नारळ फोडू, दुसरं काय."

सगुणा उठली. घरी गेली, पहिल्या यादीचा कागद देव्हाऱ्यापुढे ठेवून बसली. नीट वाचून भरा म्हटल्यावर माणसं खरं बोलली होती, आणि खरं बोलल्यामुळेच गोदूबाईचं घर पुन्हा राहणार होतं. सकाळी तिने तो कागद काकांना नेऊन दिला.

"काका, ह्या साठ टिका देवाच्या नावाखाली झाल्यात. चुकून का होईना. मला त्या पुसवत नाहीत. तुम्ही मानकरी, तुम्हीच काय ते बघा."

काकांनी कागदाची घडी केली आणि कोपरीच्या खिशात टाकली.

पालखीच्या दिवशी सहाणेवर, पालखी बसवायच्या चौथऱ्यापाशी, सगळे जमले. मुंबईकर नवे शर्ट घालून पुढे, बायका कडेला. धोंडूकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा केदारलिंगा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा."

"पोराबाळांस्नी सुखी ठेव, आडवं येईल त्याला बाजूला कर..."

"व्हय म्हाराजा."

काकांनी खिशातला कागद काढला. "आणि ह्या साठ घरांनी तुझ्या नावाखाली लिहून दिलंय, गोदूबाईच्या पाखाडीला खांदा देऊ, तो शब्द त्यांच्याकडून पुरा करून घे..."

"व्हय म्हाराजा," गाव एका आवाजात म्हणालं. मग एकेकाचा चेहरा बदलत गेला.

विनीत पुढे सरकला. "काका, ती पहिली यादी. ती चुकून झालेली."

"चुकून?" काका अगदी शांतपणे म्हणाले. "चालेल. ह्याच यादीत तुझ्या घरी सुतक हाय. यादी मानायची तर अख्खी मानू. मग पालखी तुझ्या दारी येणार नाय. का सुतक तेवढं चुकून, आणि खांदाबी चुकून, आणि घरी पालखी यावी तेवढं खरं?"

विनीतने बायकोकडे बघितलं. तिने सकाळीच दारात रांगोळी घातली होती. तिचा चेहरा बघून त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. मग सगळ्यांनीच केल्या.

खालची त्रेचाळीस घरं दुपारीच आटोपली, कारण कोणत्या दारी जायचं ते आधीच ठाऊक होतं. उन्हं अजून माडांच्या वरच होती तेव्हा पालखी पाखाडीला लागली. पाळ्या तीनच लागणार होत्या, झाल्या सात. जो तो दुसऱ्याला बाजूला सारून खांदा घालत होता. यादीत आपलं नाव आहे, हे आता प्रत्येकाला आठवत होतं. सगुणा शेवटून चढत होती. तिला धाप लागली तरी मोजणं थांबलं नाही, एकशे दहा, एकशे अकरा.

वर गोदूबाई दारातच बसली होती. दोन वर्षं घडी न मोडलेलं लुगडं नेसून. पालखी तिच्या पुढ्यात टेकवली. तिने नारळ ठेवला, रुप्याच्या मुखवट्याला हात लावून तो हात आपल्या गालाला लावला आणि देवालाच म्हणाली, "चढवलं शेवटी तुला."

सगुणाने मागे खांबाला टेकून डोळे पुसले. तेवढ्यात गोदूबाईची नजर अंगणभर फिरली. साठ-सत्तर माणसं, घामाने निथळलेली, जीभ बाहेर काढून कातळावर बसलेली. घरात पाण्याच्या कळशा दोन, त्याही तळाला गेलेल्या.

"सगुणा, इकडं ये गो."

"काय, आजी?"

"तू एवढी शिकलेली. एवढी माणसं वर येणार म्हणून चौकटी टाकल्यास. वर येताना एकेक कळशी आणू, अशी एक चौकट टाकायला काय झालं होतं?"

सगुणाने पदर खोचला आणि विनीतकडे बघितलं. विनीतने ते बघणं ओळखलं. काही न विचारता तो उठला, दोन्ही कळशा उचलल्या आणि पाखाडी उतरायला लागला.